न्हाणीची मोजणी

कोतवालकी बापाकडून आली.
काठी, पितळी बिल्ला, आणि एक सवय:
कोणाच्याही आंगणात शिरायच्या आधी
कुडापाशी थांबून खाकरायचं.
"सरकारचा मानूस असशीन तू," बाप म्हणायचा,
"पन आत कोनी न्हात असन, कोनी रडत असन.
हुकूम घटकाभर थांबला तं नासत नाही."

माघात दवंडी मीच दिली.
आता डफडं नाही, ग्रामपंचायतीचा भोंगा.
ऐका होऽ गावठाणाची मोजणी हाय,
ज्यानं त्यानं आपल्या जागेभोवती चुना मारा,
बुधवारी वरून यंत्र फिरनार.

गावानं रेघा मारल्या.
एकानं वीतभर पुढे, दुसऱ्यानं त्याच्याही पुढे,
मधल्या बोळीतून आता बकरी
पोट आत घेऊन जाते.
देवकाबाईला दिरानं चुना दिला नाही.
तिनं चुलीतली राख चाळली
आणि घराभोवती, गोठ्याभोवती,
तुराट्यांच्या न्हाणीभोवती
वाकून वाकून आपली हद्द ओढली.

बुधवारी ती न्हात होती.
चारी बाजूंनी तुराट्या, वर काही नाही.
वर कशाला काही पाहिजे?
वर आभाळ, आणि आभाळाला आजवर
कोणी कामावर ठेवलं नव्हतं.

घूंऽ करत आलं.
आधी गांधीलमाशीएवढं, मग परातीएवढं.
खाकरलं नाही.
तिनं जर्मनचा गंज छातीशी धरला
आणि बसून राहिली तशीच,
केसांतलं शिकेकाईचं पाणी
डोळ्यांत उतरलं तरी.

संध्याकाळी चावडीवर आली.
मोजणीचा पोरगा अकोल्याचा, गळ्यात ओळखपत्र,
बिचारा दोन दिवसांपासून बिस्किटांवर होता.
"माह्या न्हानीचा फोटो निंगाला का?"
"बाई, इतक्या उंचावरून माणूस दिसत नाही.
ठिपका दिसतो."
"कोन्ता?"
त्यानं पडद्यावर बोट ठेवलं.
"मंग लिहून घ्या," ती म्हणाली,
"हा ठिपका न्हात होता."
चावडी हसली.
मग एकेकाला आपापली न्हाणी आठवली असावी,
हसू आपोआप बसलं.

पण खोटं कशाला बोलू.
वैशाखात सनद आली.
देवकाबाई गोमाजी शेंडे, चौऱ्याण्णव चौरस मीटर.
राखेची रेघ चुन्याहून फिकी,
तरी वरून दिसली होती.
दीर ज्या गोठ्यावर टपून बसला होता
तो गोठा तिचा निघाला.
तोवर तिचं नाव रेशनकार्डावर होतं
आणि मनगटावर गोंदलेलं. बस.
तिनं तो कागद छातीशी धरला,
गंज धरला होता तसाच.
दिरापासून लपवत होती की आणखी कोणापासून,
मी विचारलं नाही.
कोतवालानं किती विचारावं यालाही हद्द असते,
ती मात्र कोणी आखून देत नाही.

मग तिनं न्हाणीवर छत टाकलं.
निवडणुकीचं जुनं फ्लेक्स,
कोण्या साहेबाचा खाटेएवढा चेहरा, हात जोडलेले.
आतून बाजू पांढरी, कोरी.
चेहरा तिनं वर केला, आभाळाकडे.
"पाहाचंच असन तं," मला म्हणाली,
"एकमेकाले पाहा म्हना."

यंदा यंत्र पुन्हा फिरलं.
नोंद आली: न्हाणी, छतासह, नवीन बांधकाम.
घरपट्टीत एकोणीस रुपये वाढ.
बजावायला मीच.

भर दुपारी गेलो.
साहेबाचा चेहरा उन्हानं अर्धा उडालेला,
एक डोळा तेवढा शाबूत.
राखेची रेघ तर केव्हाच पुसली गेली,
पण कुठे होती ते माझ्या पायांना ठाऊक.
आतून पाण्याचा आवाज येत होता.

मी खाकरलो.
नोटीस खिशात घडी करून ठेवली
आणि उभा राहिलो रेघेच्या अलीकडे,
काठी काखेत मारून,
पाणी थांबेस्तोवर.